नाल्याकाठची गिधाडं: विषबाधेच्या एका प्रकरणाचा अभ्यास

मी पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात पशुवैद्यक म्हणून नोकरी करतो. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या तालुक्यातल्या एका गावात 11 गिधाडं मेली. त्या प्रकरणात मी पहिल्या दिवसापासून होतो. काही निर्णय बरोबर ठरले, काही चुकले, आणि एक चूक सर्वस्वी माझी होती. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल अशा एक-दोन खुणा बदलल्या आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे. उद्या असा प्रसंग एखाद्या वनरक्षकावर किंवा माझ्यासारख्या दवाखान्यातल्या डॉक्टरवर आला, तर पहिले काही तास तरी त्याचे वाया जाऊ नयेत, यासाठी हे लिहिणं.

पार्श्वभूमी

गाव धानाचं. दीडेकशे घरं, तीन बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला बोडी, म्हणजे शेतीच्या पाण्याचं छोटं तळं. गावाखालून नाला वाहतो आणि त्याच्या काठाला अर्जुनाची उंच, जुनी झाडं आहेत. त्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत. गावातली म्हातारी माणसं त्यांना ‘गिधं’ म्हणतात. ‘पूर्वी एक बैल मेला की आभाळ काळं व्हायचं, आता मोजून घ्या,’ असं त्यांच्याकडून अनेकदा ऐकलं आहे.

मोजायची वेळ का आली, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1990 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षितज्ज्ञ डॉ. विभु प्रकाश यांना गिधाडं माना टाकून बसलेली आणि मग मरून पडलेली दिसू लागली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली, लांब चोचीची सुमारे 97 टक्क्यांनी. कारण 2004 मध्ये समोर आलं. जनावरांना दुखण्यावर आणि सुजेवर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे ते कारण होतं. असं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं, रक्तातलं यूरिक आम्ल वाढतं आणि पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो. शंभरातल्या एखाद्या कलेवरात औषध असलं तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, कारण एका कलेवरावर पन्नास-पन्नास पक्षी उतरतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू प्रजननाच्या वयात यायला पाचेक वर्षं लागतात. मेलेल्या एका जोडीची जागा भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब यावरून करता येतो.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या ढोरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही एका मात्रेच्या, 3 मिलिलिटरच्या कुपीपुरतं मर्यादित केलं गेलं.

आमच्या नाल्यावरची वसाहत या सगळ्यातून कशीबशी टिकली होती. त्या हिवाळ्यात वनविभागाच्या मोजणीत 34 पक्षी आणि 9 चालू घरटी भरली होती. फेब्रुवारीत घरट्यांत पिल्लं असतात आणि नर-मादी दोघं मिळून त्यांना भरवतात. एक मेला तर दुसऱ्याने किती उडायचं आणि किती राखण करायची?

पहिला दिवस

सकाळी आठच्या सुमाराला वनरक्षकाचा फोन आला. ‘डॉक्टर, नाल्याच्या वर पडीक जागेत गिधाडं पडून आहेत.’ मी पोहोचलो तेव्हा चार मेलेली होती आणि तीन जिवंत, पण उठता येत नव्हतं. थोड्या अंतरावर एका म्हाताऱ्या गाईचं अर्धवट खाल्लेलं कलेवर होतं. दोन कुत्रीही मरून पडली होती.

माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो डायक्लोफेनॅक. वीस वर्षं आम्ही पशुवैद्यक गिधाड आणि औषध ही जोडी पाठ करत आलो आहोत. एक पक्षी उचलून पाहिला. मानेखालची पिशवी गच्च भरलेली, चोचीतून लाळ, आणि दोन्ही पंजे मुठीसारखे आवळलेले. एक बोट सोडवायला गेलो तर लाकडासारखं घट्ट. वहीत लिहिलं, ‘पंजे आवळलेले.’ लिहिलं खरं, पण त्याचा अर्थ लावायला थांबलो नाही.

जिवंत तिघांना खोक्यांत ठेवून दवाखान्यात आणलं, त्वचेखाली सलाईन दिलं. मग मी तालुक्याच्या बाजारात गेलो. कोणत्या मेडिकलमधून काय विकलं गेलं, गावात सुई टोचणारा कोण फिरतो, त्याच्या पिशवीत काय असतं, हे शोधण्यात दुपार गेली. कलेवराजवळ एका वनमजुराला थांबायला सांगितलं होतं, पण त्याला दुसऱ्या कामाला जावं लागलं. कलेवर मी झाकलं नव्हतं. नमुने नीट घ्यायचे म्हणून ‘हात लावू नका’ असं मीच बजावून गेलो होतो.

परतलो तेव्हा चार वाजले होते. आणखी दोन गिधाडं उतरली होती, आणि दोन्ही मेली होती. खोक्यातल्या तिघांपैकी एक दुपारीच गेलं होतं.

गावाचा ढोरकी, म्हणजे गुराखी, तिथे काठीवर हनुवटी टेकून उभा होता. साठीचा माणूस, आयुष्य ढोरांमागे गेलेलं. मी हातमोजे चढवत होतो तेव्हा तो म्हणाला, ‘डाक्टर, त्या माश्या पाहा ना जी.’

पाहिलं. गाईच्या मांडीला एक आडवा काप होता आणि त्या कापाभोवती माश्या मरून पडल्या होत्या, तांदूळ सांडावा तशा. मेलेल्या ढोरावर माश्या घोंगावतात, अंडी घालतात. मरत नाहीत. वेदनाशामक औषधाने माशी मरत नाही. कापाची कड चिमट्याने उघडली तर आत बारीक दाणे होते.

तेव्हा आवळलेल्या पंजांचा अर्थ लागला. ऑर्गेनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक मज्जासंस्थेवर घाव घालतं. स्नायू आखडतात, लाळ गळते, आणि पक्षी जेवल्या जागीच पडतो. औषधाने मरणारं गिधाड दोन-तीन दिवस मान लोंबवत झाडावर बसून राहतं आणि बहुतेक वेळा घरट्याजवळ मरतं. हा फरक मला पुस्तकातून ठाऊक होता. समोर दिसत असूनही मी तो पाहिला नाही, कारण उत्तर आधीच ठरवून आलो होतो.

ठरवायच्या गोष्टी

संध्याकाळी पाचला आमच्यापुढे एकाच वेळी तीन निर्णय होते. पहिला होता कलेवराचा. जाळायचं की पुरायचं? जाळायला लाकूड आणि रात्रभर राखण लागली असती, नीट न जळलेलं मांस तसंच राहिलं असतं, आणि विषारी दाण्यांचा धूर राखण करणाऱ्यांच्याच नाकात गेला असता. वरवर पुरलं तर कुत्री उकरणार. शेवटी ट्रॅक्टरला जेसीबी जोडलेला एक गावकरी मिळाला. त्याने नाल्यापासून आणि बोडीपासून दूर, चढावर सात फूट खड्डा केला. नमुने काढून गाय, मेलेली कुत्री आणि आजूबाजूची वरची माती त्यात टाकली, चुना पसरला, माती लोटली आणि वर काटे टाकले. पक्ष्यांनी ओकलेलं मांसही वेचून त्यातच टाकलं. गिधाड घाबरलं की पोटातलं ओकून हलकं होतं, आणि विषबाधेत ती ओकारी तितकीच विषारी असते.

दुसरा निर्णय उरलेल्या दोन पक्ष्यांचा. उतारा होता ॲट्रोपिन. माझ्या दवाखान्यात दोन अँपूल शिल्लक होते, प्रत्येकात 0.6 मिलिग्रॅम. पाच किलोच्या पक्ष्याला सुरुवातीलाच चार-चार लागणार होते आणि पुढे पुन्हा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवायचं तर सकाळ उजाडली असती. वनरक्षक म्हणाला, ‘आरोग्य केंद्रात असतंच की.’ बरोबर होतं त्याचं. विदर्भात फवारणीची विषबाधा नवीन नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा असतो तो त्यामुळेच. तिथल्या डॉक्टरबाईंनी माणसांसाठी पुरेसा साठा मागे ठेवून वीस अँपूल दिले, रजिस्टरला नोंद केली आणि म्हणाल्या, ‘उद्या परत आणून द्या, पण आता आधी जा.’ रात्री साडेसातला पहिली मात्रा दिली. नऊच्या सुमाराला एका पक्ष्याचा उजवा पंजा सैलावला. कंदिलाच्या उजेडात एकेक बोट उघडताना पाहिलं, तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे.

तिसरा निर्णय सगळ्यांत अवघड होता. दाणे कोणी टाकले, हे गावाला ठाऊक होतं. गाय कोणाची हे काही लपत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे सरळ रस्ता होता. गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. त्याच रात्री ताब्यात घेता आलं असतं. पण मला त्या क्षणी गुन्हेगारापेक्षा पिशवी हवी होती. दाणे नेमके कोणते, किती टाकले, आणि याच एका कलेवरात टाकले की आणखी कुठे, हे कळल्याशिवाय दुसऱ्या सकाळी आम्ही कुठे शोधायचं? पोलिसांची गाडी दारात उभी राहिली असती तर पिशवी चुलीत गेली असती आणि तोंड बंद झालं असतं.

मी अधिकाऱ्यांना अर्धा तास मागितला. त्यांनी दिला. ‘गुन्हा मात्र नोंदवणार, तो थांबणार नाही,’ हेही स्पष्ट सांगितलं. ते योग्यच होतं आणि मी त्या शेतकऱ्यापासून ते लपवलं नाही.

अंगणातला अर्धा तास

ढोरकी त्या शेतकऱ्याचा चुलतमामा लागत होता. तोच पुढे झाला. शेतकरी चाळिशीचा, दोन एकर धान, त्यात रब्बीला लाखोळी. अंगणात शेळ्यांचा रिकामा कोठा. आम्ही पडवीत बसलो. कोणी काही बोलत नव्हतं. मग म्हातारा म्हणाला, ‘सांगून टाक बापू. सकाळी तुझ्याच घरचं पोरगं ढोरं घेऊन जाईल तिकडं.’

‘गिधांसाठी नाही टाकलं जी,’ तो मला म्हणाला. ‘कुत्र्यांसाठी टाकलं. चार शेळ्या खाल्ल्या महिन्यात. एक गाभण होती.’

त्याने वाशावरून पिशवी काढून दिली. अर्धी रिकामी, तोंड सुतळीने बांधलेलं. आत फोरेटचे दाणे. या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. त्याच्याकडची पिशवी त्याआधीची, धानाच्या खोडकिड्यासाठी घेतलेली. गाय म्हातारपणाने मेली, ती टाकायच्या जागी नेली आणि मांडीत, पोटाजवळ असे दोन काप देऊन दाणे भरले. दुसरीकडे कुठे टाकलं नव्हतं. ही खात्री त्या रात्री आम्हाला लाखमोलाची होती.

‘वनविभागाकडे भरपाई मागितली का?’ मी विचारलं.

‘कुत्र्यांनी खाल्लं म्हणून सांगितलं तर कोण देते?’

हे खरं आहे. वाघ, बिबट, अस्वल, लांडगा यांनी जनावर मारलं तर राज्य सरकार नुकसानभरपाई देतं. अट अशी की 48 तासांत कळवायचं आणि पंचनाम्याआधी कलेवर हलवायचं नाही. गावातल्या मोकाट कुत्र्याने मारलं तर त्या रकान्यात ते बसत नाही.

हा मुद्दा मला सोडवत नाही. मोकाट कुत्री इतकी वाढली ती कशावर? जे मांस पूर्वी गिधाडं तासाभरात संपवत, ते आता कुत्र्यांना आठवडाभर पुरतं. गिधाडं गेली म्हणून कुत्री वाढली, कुत्र्यांनी शेळ्या मारल्या, शेळ्यांसाठी या माणसाने विष टाकलं, आणि त्याने मेली ती उरलेली गिधाडं. गिधाडं कमी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला आहे. त्यात कुत्री, रेबीज आणि दूषित पाणी यांचा वाटा त्यांनी दाखवला आहे. तो आकडा मी वाचला होता. त्या पडवीत रिकाम्या कोठ्याकडे बघताना तो पहिल्यांदा कळला.

त्याच रात्री गुन्हा नोंदवला गेला. शेतकऱ्याने पिशवी स्वतःहून दिली आणि जागा दाखवली, हे पंचनाम्यात लिहून घ्यावं असा आग्रह मी धरला, आणि अधिकाऱ्यांनी ते लिहिलं.

पाचवा दिवस

पुढच्या दोन दिवसांत वनमजूर आणि गावच्या पोरांनी दोन किलोमीटरचा परिसर पिंजून काढला. आणखी दोन गिधाडं सापडली, पंजे तसेच आवळलेले. एकूण नऊ. कुत्री सहा, कावळे मोजले नाहीत. खोक्यातले दोन पक्षी आता मांसाचे तुकडे घेऊ लागले होते. संपलं, असं वाटलं.

पाचव्या दिवशी अर्जुनाच्या झाडाखाली दोन गिधाडं मिळाली. पंजे सैल. मानेखालची पिशवी रिकामी. वनरक्षक म्हणाला, ‘यातलं एक तीन दिवस त्या फांदीवर मान खाली घालून बसलं होतं. मला वाटलं दुःख करतंय.’

शवविच्छेदन मी स्वतः केलं. पोट उघडलं आणि हात थांबले. यकृतावर, हृदयावरच्या आवरणावर, मूत्रपिंडावर पांढरी भुकटी, चुन्याचा हात मारावा तशी. यूरिक आम्लाचे स्फटिक. हे कीटकनाशकाचं काम नव्हतं.

दवाखान्याचं रजिस्टर उघडलं. घटनेच्या आठवडाभर आधी याच गावातला एक बैल मी तपासला होता. खांद्याला मोठी सूज, उठवत नव्हतं. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचा साठा संपला होता, पुरवठा यायचा होता. कपाटात केटोप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक होतं. तीन दिवस तेच टोचलं. चौथ्या दिवशी बैल मेला. मालकाने तो रीतसर टाकायच्या जागी नेऊन टाकला. त्याला दुसरं काही सांगणारं कोणी नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

त्या वेळी केटोप्रोफेनवर बंदी नव्हती. जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरची बंदी पुढे, 31 जुलै 2023 च्या अधिसूचनेने आली. पण केटोप्रोफेन गिधाडांना मारतं, हे प्रयोगांतून त्याआधी दहा-बारा वर्षं माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे तर 2006 पासून सिद्ध आहे. बैल दुखण्याने तळमळत होता, मालक डोळ्यांत पाणी आणून उभा होता, आणि हाताशी होतं ते मी दिलं. वेदना कमी करणं बरोबरच होतं. मेल्यावर तो बैल कुठे जाईल याचा विचार न करणं चुकलं. प्रयोगशाळेच्या अहवालात दोनपैकी एका पक्ष्याच्या मूत्रपिंडात केटोप्रोफेन आलं.

ग्रामसभेत हे मी उभं राहून सांगितलं. शेतकऱ्याचं नाव सगळ्या गावाच्या तोंडी होतं, माझं कोणाच्याच नव्हतं. ते मला सहन झालं नाही.

पिल्लांचं काय

नऊ घरट्यांपैकी दोन घरट्यांवर दोन दिवस कोणी उतरलं नव्हतं. आत पिल्लं होती. काय करायचं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. काहींचं म्हणणं, झाडावर चढलो तर बाकीची सात घरटीही बिचकतील आणि सोडली जातील. दुसरं म्हणणं, खाली स्वच्छ मांस ठेवावं, एखादा पालक जिवंत असेल तर त्याला लांब जावं लागणार नाही. तिसरं, दोन्ही पिल्लं उतरवून हाताने वाढवावीत. पण पहिल्या अनुसूचीतला पक्षी रानातून उचलायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

आम्ही परवानगी मागितली आणि तोवर मांस ठेवलं. मांसावर गिधाडं उतरली, पण त्या दोन घरट्यांकडे कोणी गेलं नाही. परवानगी आली तोपर्यंत एक पिल्लू मेलं होतं. दुसरं उतरवलं, ते जगलं आणि उपचार केंद्रात वाढलं. परवानगीचा अर्ज पाचव्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी गेला असता, तर बहुधा दोन्ही वाचली असती. इतके पक्षी मेले म्हणजे घरटी उघडी पडणार, हे दुसऱ्या दिवशीच उघड होतं. आम्ही मेलेल्यांना मोजण्यात गुंतलो होतो.

नंतर काय बदललं

गावात ‘गिधाड उपाहारगृह’ करावं, अशी सूचना पुढे आली. म्हणजे ठरलेल्या जागी तपासलेली, औषधमुक्त कलेवरं टाकायची. गडचिरोलीत वनविभागाने हा प्रयोग केलेला आहे. आम्ही तो थोडा वेगळा केला. नवी जागा न शोधता गावाची जुनी ढोरं टाकायची जागाच घेतली आणि तिला कुत्रं शिरणार नाही अशी उंच जाळी वनविभागाकडून मारून घेतली. गिधाडांना ती जागा पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि गावालाही बंडी कुठे न्यायची हे नव्याने शिकवावं लागत नाही. जाळीच्या आत पुरेशी मोकळी जागा ठेवली, कारण पोट भरल्यावर गिधाडाला उडायला लांब धाव लागते.

किल्ली ढोरकीकडे आहे. ढोर मेलं की मालक त्याला सांगतो, तो मला फोन करतो. मी रजिस्टर बघतो. गेल्या पंधरा दिवसांत मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक आम्ल सोडून दुसरं वेदनाशामक दिलं असेल, किंवा बाहेरच्या कोणी काय टोचलं ते कळत नसेल, तर पुरायचं. नाहीतर जाळीत. रजिस्टरला मी एक रकाना वाढवला, ‘मेल्यास काय करावे’. बैल तपासतानाच तो भरतो आणि मालकाला वाचून दाखवतो. मालकाच्या जिवाला ते लागतं, याची मला जाणीव आहे. बैल अजून जिवंत असतो आणि डॉक्टर मरणाची गोष्ट काढतो. म्हणून आता आधी बैलाच्या पाठीवर हात ठेवून सगळं समजावतो, मग रकाना वाचतो.

मेलॉक्सिकॅमचा साठा संपायच्या आत मागणी जाते. केटोप्रोफेनच्या उरलेल्या कुप्या बंदी यायच्या आधीच परत केल्या. पुढे निमेसुलाइड या वेदनाशामकावरही जनावरांसाठी बंदी आली, तेव्हा तालुक्यातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांना एकत्र बसवून सांगितलं. घराघरांतले जुने दाणे गोळा करण्याची मोहीम कृषी सहाय्यकाने हाती घेतली. एका गावातून सतरा पिशव्या निघाल्या.

कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांची एक फेरी झाली. शेळ्यांच्या कोठ्यांना जाळी लागली, पहिली त्याच शेतकऱ्याच्या.

निष्पत्ती

दोन्ही वाचलेले पक्षी अकराव्या दिवशी सोडले. एक सरळ अर्जुनाकडे गेला, दुसरा तासभर जमिनीवर पंख पसरून उन्हात बसला आणि मग उठला. मेच्या अखेरीस पाच घरट्यांतली पिल्लं उडाली. 34 वरून संख्या 23 वर आली होती, पुढच्या हंगामात 6 घरटी लागली, त्यानंतरच्या हंगामात 7. डिसेंबर 2024 च्या मोजणीत 27 पक्षी भरले. जाळीत पुन्हा विषबाधा झालेली नाही.

या मधल्या काळात, जानेवारी 2024 मध्ये, हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं ताडोबात आणि पेंचमध्ये आणली गेली. ती मोठी घटना आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण पिंजऱ्यातून सुटलेलं गिधाड खायला उतरेल ते आमच्यासारख्याच गावांच्या ढोरांवर.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले सात तास. कारण कोणतंही असो, कलेवर आधी झाकायला हवं होतं. ताडपत्री, काटे, जुनी गोणपाटं, काहीही. नमुने दहा मिनिटांत निघतात. माझ्या ‘हात लावू नका’ने दोन पक्षी मेले.

नमुने. पहिल्या चार पक्ष्यांपैकी दोघांचे सगळे अवयव मी फॉर्मेलिनमध्ये ठेवले, कारण पेटीत तेच होतं. फॉर्मेलिनमधल्या अवयवांवर विषाची तपासणी होत नाही. उरलेल्या दोघांचे मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि बर्फात ठेवले म्हणून अहवाल आला. आता पेटीत तिन्ही गोष्टी असतात, आणि ॲट्रोपिनचे तीस अँपूलही.

पाहणं. माश्या, पंजे, भरलेली पिशवी, जागीच मरण, या चार गोष्टी सकाळी साडेआठला माझ्यासमोर होत्या. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात मी आता सर्वांत आधी ढोरकीची गोष्ट सांगतो आणि मेलेल्या माश्यांचा फोटो दाखवतो.

शेतकऱ्याबाबत मला आजही वाटतं की पहिली शेळी मेली तेव्हाच तो आमच्यापैकी कोणाकडे तरी यायला हवा होता. आणि खरं म्हणजे तो आला होता. दुसरी शेळी फाटली तेव्हा ती तो दवाखान्यात घेऊन आला होता. मी टाके घातले, प्रतिजैविक दिलं, ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ म्हणालो आणि पुढचं ढोर घेतलं. कसा करायचा, हे ना त्याने विचारलं ना मी सांगितलं. त्याने त्याला जमेल तसा केला.

त्याचा खटला सुरू आहे. तारखेला जायचं म्हणजे त्याचा दिवस बुडतो, मजुरी बुडते. कोठ्यात आता सहा शेळ्या आहेत. कुत्र्यांच्या नसबंदीची दुसरी फेरी अजून व्हायची आहे, ग्रामपंचायतीने त्यासाठी दोनदा अर्ज दिला आहे, आणि या पावसाळ्यात गावात कुत्र्यांची नवी पिल्लं मी स्वतः मोजली, चौदा.